पहिली पावती कोणाच्या नावानं फाडायची? देणगी मागणाऱ्यांसाठी थोडं मानसशास्त्र, थोडा अनुभव

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत दारात येतात आणि अख्खं नागपूर खिशात हात घालतं. कोणी दहा देतो, कोणी वीस, एखादे हौशी काका पन्नास. या पैशांना बोजारा म्हणतात. तो कुठं खर्च होणार, हे त्या पोरांना कोणी विचारत नाही. त्याच आठवड्यात त्याच दारात आम्ही पावतीपुस्तक घेऊन उभे राहतो, तर आतून आवाज येतो, "साहेब घरी नाहीत." साहेब टीव्हीसमोर बसलेले खिडकीतून दिसत असतात.

मी गेली चौदा वर्षं एका लहान संस्थेचं काम करतो. हिंगणा रोडकडच्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका आहे आणि मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, बाहेरगावच्या पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांसाठी रात्रीचं जेवण आहे. पहिली चार-पाच वर्षं मी लोकांना कंजूष म्हणून शिव्या घालत घरी यायचो. पण रामनवमीच्या शोभायात्रेच्या वाटेवर शरबत आणि प्रसादाचे स्टॉल लावणारे हेच लोक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांना जेवण-पाणी पुरवणारे हेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुकानापुढं माठ मांडणारेही हेच. तेव्हा खोट आमच्या मागण्यात होती, हे मला उशिरा कळलं.

बोजारा देताना काय घडतं ते बघा. घेणारा समोर उभा असतो. किती द्यायचं ते ठाऊक असतं. दिल्याबरोबर पोराचा चेहरा खुलतो. आणि शेजारीही देत असतात. आमच्या जुन्या पत्रकात यातलं एकही नव्हतं. होतं काय, तर "समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी यथाशक्ती सहकार्य करावे." हे वाक्य तुमच्याही पत्रकात असेल तर आजच खोडा.

मागण्याआधी एका ताटाचा हिशेब करा

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पाहणी झाली. तेलाच्या उघड्या खड्ड्यांत पडून मरणारे पक्षी वाचवायला तुम्ही किती पैसे द्याल, असा प्रश्न होता. एका गटाला पक्ष्यांचा आकडा २,००० सांगितला, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. उत्तरं आली सरासरी ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट वाढले, पण मनात मात्र तेलात माखलेला एकच पक्षी राहिला. आकडा मोठा केला की मदतही मोठी येते, हा आपला समज इथंच मोडतो.

म्हणून आकडा लहान करा, हाताच्या ओंजळीत मावेल इतका. आमच्याकडे तो आहे एक ताट. पोळ्या, भाजी, वरण-भात, शिवाय गॅस, स्वयंपाकीण ताईंचा पगार, बर्डीच्या बाजारातून भाजी आणणारा ऑटो आणि स्टीलचे डबे घासणाऱ्या मावशी, असं सगळं त्या ताटात धरलं. पूर्वी आम्ही फक्त किराणा धरायचो आणि ताट फार स्वस्त सांगायचो. लोक खूश व्हायचे आणि महिन्याच्या शेवटी आम्ही स्वतःच्या खिशातून ऑटोवाल्याचे पैसे द्यायचो. ती फसवणूक होती, स्वतःचीही आणि देणाऱ्याचीही. खरा भाव काढायला दोन संध्याकाळी लागतात. तीन महिन्यांची बिलं जमिनीवर पसरून बसा. कोषाध्यक्षाशी भांडण होईल, होऊ द्या.

एक माणूस दाखवा, पण त्याला विकू नका

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहभागी लोकांना पाच डॉलर मिळाले आणि त्यातून उपासमार सोसणाऱ्यांसाठी काही द्यायचं का, असं विचारलं. ज्यांना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. ज्यांना लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दिली त्यांनी १.१४ डॉलर. खरी गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना रोकियाही दाखवली आणि आकडेही दिले. देणगी वाढायला हवी होती ना? ती १.४३ डॉलरवर आली. आकड्यांनी रोकियाला झाकून टाकलं.

विदर्भात राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. शेतकरी आत्महत्यांचे आकडे आपण इतकी वर्षं सकाळच्या चहासोबत वाचतोय की आता डोळा त्या बातमीवर थांबतही नाही. पण ओळखीतल्या एखाद्या बाईनं नवरा गेल्यावर पोरीची फी कशी भरली हे सांगितलं की चहाचा कप हातात तसाच राहतो.

तेव्हा पत्रक लिहिताना सुरुवात एका माणसापासून करा. आकडे ठेवायचे तर शेवटी, किंवा ज्याला हवेत त्याच्यासाठी वेगळ्या पानावर. कंपनीच्या सीएसआर विभागाकडे, म्हणजे समाजकामासाठीचे पैसे सांभाळणाऱ्यांकडे, जाताना हा क्रम उलटा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग अशा कामावर खर्च करावा लागतो. बुटीबोरीच्या कारखान्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला वर अहवाल पाठवायचा असतो, त्याला तक्ता द्या. घरच्या देणगीदाराला तक्ता दिलात तर तो मान डोलावेल आणि पावतीपुस्तक परत करेल.

आता यातला धोका. आठव्या वर्षी आम्ही अभ्यासिकेतल्या एका मुलीचा मोठा फोटो फ्लेक्सवर छापला. खाली तिच्या घरची हलाखी, वडिलांची दारू, सगळं. पैसे चांगले जमले. ती मुलगी पंधरा दिवसांनी यायची बंद झाली. शाळेतली पोरं तिला "फ्लेक्सवाली" म्हणायला लागली होती. मी तिच्या घरी गेलो, आई दारातच म्हणाली, "सर, तुमचं काम भलं आहे, पण आमच्या पोरीनं आता तोंड कसं दाखवायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्यानंतर घालून घेतलेले नियम असे. मजकूर छापण्याआधी त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा. नाव बदलायचं, वस्तीचं नाव टाळायचं. लहान मुलांचा चेहरा नाहीच. हात, वही, पाठमोरी बाकं पुरेशी होतात. होकार कागदावर घ्यायचा, आणि पुढं कधीही "काढा" म्हटलं तर काढायचं. संमती देणारा माणूस आपल्या ताटात जेवत असतो, त्यामुळं त्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून हे विचारायला जेवण वाढणारा कार्यकर्ता कधी पाठवू नका, दुसरा पाठवा.

आणि दया येईल असंच चित्र लागतं, असंही नाही. नागपूरचेच क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम सुरू केलं. त्याची सुरुवात सांगताना ते भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणाऱ्या मुलांचं दृश्य सांगतात. त्या दृश्यात गरिबी आहे, पण डोळ्यांपुढं राहतो तो पोरांचा खेळ. ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, यांना एक बॉल पाहिजे. मागणी तोंडानं उच्चारावीही लागत नाही.

किती मागायचं आणि पहिली पावती

"यथाशक्ती" म्हटलं की माणूस अडकतो. कमी दिले तर लाज, जास्त दिले तर घरी बोलणी. त्यापेक्षा "आज नाही" सोपं. रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी १९७६ मध्ये दारोदार मागणाऱ्यांकडून एकच जादाचं वाक्य म्हणवून घेतलं, एक पैसाही उपयोगी पडेल अशा अर्थाचं. देणाऱ्यांचं प्रमाण जवळपास २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं आणि लोकांनी काही पैसाच टेकवला नाही, नेहमीइतकंच दिलं. नाही म्हणायचं कारणच हातातून गेलं होतं.

आम्ही म्हणतो, "एक ताट दिलंत तरी चालेल." बहुतेक जण पाच-दहा ताटं देतात. मात्र हे वाक्य ओळख नसलेल्या दारात वापरा. दरवर्षी मोठी रक्कम देणाऱ्याला ते सांगितलंत तर तो खरंच एक ताट देऊन मोकळा होईल. एकदा झालंय.

पहिल्या पावतीचं शास्त्र तर गणेश मंडळाच्या कोणत्याही पोराला माहीत असतं. इतवारीतल्या व्यापाऱ्याकडे गेलं की तो आधी पुस्तक मागचं उलटून बघतो. शेजारच्यानं किती फाडली? २०० ची दिसली तर हा २०० च देणार, १,१०० ची दिसली तर हा बोटं मोडत ५०० वर येणार. जेन शँग आणि रेचल क्रोसन यांनी हेच अमेरिकेत श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओसाठी तपासलं. फोन करून देणगी देणाऱ्याला, आधीच्या एका सभासदानं ३०० डॉलर दिले, एवढंच सांगितलं, तर सरासरी देणगी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली.

म्हणून नवं पुस्तक उघडण्याआधी दोन-तीन जुन्या देणगीदारांकडे जा, त्यांना सरळ सांगा की पहिलं पान तुमचं. बहुतेकांना तो मान वाटतो. खोटी पावती फाडून पहिलं पान सजवणारे मी पाहिले आहेत. इतवारी फार लहान आहे, तिसऱ्या दुकानापर्यंत गोष्ट पोचते. आणि महालातल्या पेन्शनरांच्या गल्लीत जाताना व्यापाऱ्यांचं पुस्तक नेऊ नका, वेगळं न्या. पाच हजारांचा आकडा बघून साठ रुपये देऊ इच्छिणाऱ्या आजोबांचा हात खिशातच थांबतो.

पुस्तक छापण्याआधी एक पाहा: संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना? नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. पावतीवर नोंदणी क्रमांक ठळक छापा. अनोळखी माणूस आधी तोच शोधतो.

"तुम्ही जितके द्याल तितके मी घालतो"

एखादा मोठा देणगीदार असं म्हणाला तर लगेच हो म्हणा. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका संस्थेच्या पन्नास हजारांवर जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून हे तपासलं. जोडीला रक्कम मिळणार म्हटल्यावर दर पत्रामागची देणगी १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एक, एकास दोन, एकास तीन यांत काही फरक पडला नाही. तेव्हा दात्याला तिप्पट घालायला लावू नका. त्याचे पैसे तीन महिन्यांच्या तीन मोहिमांत वाटा.

पगाराचा प्रश्न

"भाऊ, पैसे देतो, पण पगारात नका घालू बरं." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. म्हणणारा चांगला माणूस असतो. त्याच्या स्वतःच्या दुकानात चार नोकर असतात आणि त्यांच्याशिवाय दुकान एक दिवस चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी आपली नोट कोणाच्या पगारात गेली म्हणजे ती वाया गेली, असं त्याला वाटतं.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९८९-९० च्या सुमारास मांडलं की माणूस केवळ समोरच्याचं भलं व्हावं म्हणून देत नाही, देण्याची एक ऊब त्याला स्वतःला मिळते आणि तीही त्याला हवी असते. माझी नोट ताटात गेली म्हटलं की ऊब मिळते, ऑटोभाड्यात गेली म्हटलं की मिळत नाही. २०१४ मध्ये उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी ४०,००० लोकांना देणगीची पत्रं पाठवली. साध्या पत्राला सुमारे ३.४ टक्के लोकांनी देणगी दिली. एका मोठ्या दात्यानं सुरुवातीची रक्कम दिली आहे, किंवा तो जोडीला तेवढेच घालणार आहे, असं सांगितल्यावर ४ ते ५ टक्क्यांनी. आणि त्याच दात्याच्या पैशातून व्यवस्थापनाचा खर्च आधीच भागला आहे, तुमचा सगळा पैसा थेट कामाला जाईल, असं सांगितल्यावर साडेआठ टक्क्यांनी. दात्याची रक्कम तीच होती, फक्त ती कुठल्या डब्यात टाकली ते बदललं.

यातून आम्ही काय केलं? संस्थेचं काम जवळून पाहिलेली सात माणसं निवडली. दोन निवृत्त प्राध्यापक, एक सीए, एक कारखानदार, बाकी जुने कार्यकर्ते. त्यांच्यापुढं वर्षाचा ताळेबंद ठेवला आणि म्हटलं, तुमच्याकडून आम्हाला फक्त पगार, भाडं आणि ऑडिट फी पाहिजे. हे काम कोणाला दिसणार नाही, फोटो येणार नाही. सातातले पाच हो म्हणाले. आता बाकीच्यांना आम्ही खरं सांगू शकतो की तुमचा रुपया ताटातच जातो.

तरी मला हे पूर्ण पटत नाही. खर्च कमी दाखवायची सवय संस्थेला आतून पोखरते. अभ्यासिकेला चांगली शिक्षिका हवी तर तिला घर चालेल इतका पगार हवा, आणि तो खर्च कामावरचाच असतो. म्हणून वर्षातून एकदा, साध्या देणगीदारांनाही पगारासकट पूर्ण हिशेब एका पानावर पाठवतो. काही जण फोन करून भांडतात. त्यातले निम्मे टिकतात.

कुठं उभं राहायचं

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयात शिकणाऱ्या भावी पाद्र्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना उशीर होतोय असं सांगितलं होतं त्यांतले १० टक्के थांबले, ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के. काहींना तर रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूच्या गोष्टीवरच बोलायला जायचं होतं! तेव्हा व्हरायटी चौकाच्या सिग्नलला डबा हलवत उभं राहणं म्हणजे नव्वद टक्के नकार विकत घेणं. फुटाळा तलावावर संध्याकाळी बसलेला, अंबाझरीला सकाळी फिरून दम खाणारा माणूस तोच असतो, फक्त त्याला घाई नसते.

दारावर जाणार असाल तर आदल्या दिवशी चिठ्ठी टाका, आणि त्यावर "येऊ नका" म्हणायचीही सोय ठेवा. स्टेफानो डेला व्हिन्या आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे तपासलं तेव्हा नुसत्या चिठ्ठीनं दार उघडणारे ९ ते २५ टक्क्यांनी घटले, आणि नकाराचा चौकोन छापल्यावर देणगी २८ ते ४२ टक्क्यांनी. म्हणजे बराच पैसा संकोचापोटी येत होता. तो सोडावा लागला तर सोडा. संकोचानं दिलेला माणूस पुढच्या वर्षी तुम्हाला बघून गल्ली बदलतो.

पावतीनंतर

तीन दिवसांत धन्यवादाचा फोन, तोही काही न मागता. तीन महिन्यांनी एक बातमी: तुमच्या ताटांपैकी काही गडचिरोलीहून आलेल्या एका आजीच्या मुलानं खाल्ली, आजी घरी गेल्या. एवढंच. आयकर सवलतीचं प्रमाणपत्र वेळेत द्या, आणि आधीच स्पष्ट सांगा की दोन हजारांवरची रोख देणगी ८० जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत धरली जात नाही, तसंच नवी करप्रणाली घेणाऱ्याला ती मिळतच नाही. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

जुने कपडे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. दुपारपर्यंत आमच्या ऑफिसात कपड्यांची पोती आली. त्यात लग्नातले ब्लेझर, एका पायाचे मोजे, विटलेल्या साड्या. पूरग्रस्तांना हव्या होत्या गाद्या, खराटे, फिनाइल, पोरांची पुस्तकं. कपाट रिकामं होतं आणि मनही हलकं होतं, असा दुहेरी फायदा जुने कपडे देण्यात असतो, म्हणून ते थांबत नाहीत. आम्ही आता मोहिमेच्या पहिल्या तासात पाच वस्तूंची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि एक माणूस केवळ नम्रपणे नाही म्हणायला दारात बसवतो. हे काम गोड बोलणाऱ्यालाच द्या. आमच्याकडे ते एक निवृत्त बँक कॅशियर करतात, नाही म्हणण्याचा तीस वर्षांचा सराव आहे त्यांना.

आपली माणसं

दारोदार जाणाऱ्या पोरांना थोडं कमिशन द्यावं, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी इस्रायलमध्ये शाळकरी मुलांच्या जोड्यांवर हे करून पाहिलं, निष्कर्ष २००० साली छापले. काहीच न मिळणाऱ्या जोड्यांनी सरासरी सुमारे २३९ शेकेल जमवले. गोळा केलेल्या रकमेच्या एक टक्का इतका मोबदला मिळणाऱ्यांनी १५४. दहा टक्के मिळणाऱ्यांनी २१९. थोडे पैसे दिले की सेवा संपते आणि कमी पगाराची नोकरी सुरू होते. म्हणून पोरांना कमिशन नाही. चहा-समोसा, पेट्रोलचे खरे पैसे आणि पूर्णवेळ माणसाला पूर्ण पगार, असं आम्ही ठरवलं.

दुसरी गोष्ट थकण्याची. मेडिकलच्या व्हरांड्यात रोज दुःख बघणारा कार्यकर्ता एक दिवस चिडचिडा होतो, रांगेतल्या बाईवर ओरडतो, आणि आपण म्हणतो याला माज आला. तो आतून संपलेला असतो. आमच्याकडे सलग दहा आठवडे वाढपाचं काम केलं की चार आठवडे सक्तीची सुट्टी, त्यात फक्त अभ्यासिकेला मदत. आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शेवटची तारीख विचारतो: कधीपर्यंत येणार? "जमेल तोवर" म्हणणारे दोन महिन्यांत न सांगता गळतात. "दिवाळीपर्यंत" म्हणणारे दिवाळीपर्यंत येतात, आणि त्यातले काही दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन परत येतात, पुढची तारीख सांगायला.